सुरीच्या पात्याला ड्राय आइसची थंडी कशी द्यायची: मुंबईतल्या छोट्या जागेत, नीट आणि जपून

हल्ली घरी सुऱ्या बनवणारे बरेच जण भेटतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, क्रायो केलं की धार किती पट टिकते? माझ्या मते प्रश्नच चुकीच्या टोकाने विचारला जातो. क्रायो म्हणजे पात्यावर वरून चढवायची वेगळी ट्रीटमेंट नाही. आपण पात्याला पाणी देतो ना, म्हणजे लाल करून तेलात किंवा हवेत थंड करतो, त्याच पाणी देण्याचा राहून गेलेला शेवटचा भाग म्हणजे ही थंडी. हे एकदा डोक्यात बसलं की कधी करायचं, किती वेळ करायचं, कुठल्या स्टीलवर पैसे घालायचे आणि कुठल्यावर नाही, हे सगळं सोपं होऊन जातं, म्हणून आधी तेवढं सांगतो.

स्टील पुरेसं तापलं की आतली रचना ऑस्टेनाइटची होते आणि झटकन थंड केलं की तिचं मार्टेन्साइट होतं, कडकपणा त्याचाच. हा बदल एका ठराविक डिग्रीला सुरू होतो आणि बराच खाली जाऊन संपतो, आणि त्यात वेळेपेक्षा महत्त्वाचं असतं ते पातं किती खाली गेलं ते. साध्या स्प्रिंग स्टीलमधे तो खोलीच्या तापमानापर्यंत जवळपास उरकतो. पण ज्या स्टीलमधे कार्बन आणि क्रोमियम भरपूर विरघळलेलं असतं तिथे तो शून्याच्या पार खाली जाऊन संपतो, म्हणजे आपण हात लावून "झालं थंड" म्हणतो तेव्हा काम अर्धवटच असतं आणि आत मऊ ऑस्टेनाइट शिल्लक राहतं, त्यालाच रिटेन्ड ऑस्टेनाइट म्हणतात. त्यात आपली मुंबई, मे महिन्यात पत्र्याच्या गाळ्यात दुपारी ३५ डिग्री, म्हणजे पातं "थंड" झालं ते ३५ वर. परदेशातल्या पुस्तकात रूम टेम्परेचर लिहिलेलं असतं ते २० वगैरे धरून, हा फरक कोणी सांगत नाही.

मग घरच्या फ्रीजरचं काय, असं लगेच विचारलं जातं. फ्रीजर उणे १८. मटका कुल्फीवाला बर्फात मीठ घालतो ते मिश्रण अगदी उत्तम जमलं तरी उणे २१ च्या खाली जात नाही. पाणी दिल्यावर लगेच पातं फ्रीजरमधे ठेवलं तर थोडा फायदा होतो, काहीच नसण्यापेक्षा बरं, पण ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८.५ ला असतो आणि लिक्विड नायट्रोजन उणे १९६ ला, ती गोष्टच वेगळी.

कुठल्या स्टीलला करायचं

नागदेवीच्या गल्ल्यांत किंवा कळंबोलीच्या स्टील मार्केटमधे टूल स्टील मागाल तर तिथली नावं वेगळी असतात. ओएचएनएस म्हणजे ओ१, ईएन ३१ म्हणजे बाहेर ज्याला ५२१०० म्हणतात ते बेअरिंग स्टील, आणि एचसीएचसीआर म्हणजे डी२ किंवा डी३. या शेवटच्याला नक्की विचारून घ्या, कारण दोन्हीत क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास पण डी२ मधे कार्बन साधारण दीड टक्का आणि डी३ मधे दोनच्या पुढे, डी३ ला तेल लागतं आणि सुरीसाठी ते फार ठिसूळ पडतं. सर्टिफिकेट मागा, नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.

थंडीचा खरा फायदा डी२ ला आणि ४४०सी सारख्या जास्त कार्बनच्या स्टेनलेसला. ईएन ३१ आणि ओएचएनएसला थोडा. ट्रकच्या कमानीचा पट्टा वापरत असाल तर हा सगळा खटाटोप सोडून द्या, त्यात उरण्यासारखं ऑस्टेनाइटच फारसं नसतं. त्याच पैशात चांगला थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, घ्या.

खाली जे सांगतोय ते डी२ धरून आणि ड्राय आइस धरून. लिक्विड नायट्रोजन मिळतो, गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे तो वापरला जातो, पण त्याला खास ड्यूअर, म्हणजे थर्मासारखं दुहेरी भिंतीचं भांडं, लागतो आणि एका लिटरचा जवळजवळ ७०० लिटर वायू होतो, त्याला वास नाही, रंग नाही, गुदमरल्याची जाणीवही होत नाही आणि माणूस सरळ खाली पडतो. मोकळं शेड असेल, शिकवणारा कोणी शेजारी असेल तर बघा. फ्लॅटमधे नाही, चाळीच्या खोलीत तर नाहीच नाही. उणे ७८ ला डी२ मधलं बरंचसं उरलेलं ऑस्टेनाइट बदलतं, उणे १९६ ला अजून थोडं. घरगुती कामाला पहिला टप्पा पुरेसा आहे, असं माझं ठाम मत आहे.

चोवीस तास थंडीत ठेवल्याने बारीक कार्बाइड, म्हणजे कार्बन आणि धातूचे कडक कण, तयार होतात असंही बरंच ऐकाल. १९९४ मधे जपानमधल्या संशोधकांनी १२ टक्के क्रोमियमच्या टूल स्टीलवर काम करून तसं मांडलं होतं आणि त्यावर अजूनही एकमत नाही. पण ते उणे १८० वगैरेचं बोलणं आहे. ड्राय आइसमधे पातं रात्रभर ठेवून त्यातलं काही हाती लागत नाही, उगाच तीन वेळा ड्राय आइस भरत बसाल.

आधी हवेचा हिशोब करा

हा भाग वगळून पुढे जाऊ नका, हात जोडून सांगतो. एक किलो ड्राय आइसचा साधारण ५४० लिटर कार्बन डायऑक्साइड होतो. आपल्याकडची खोली धरा, १० बाय १२, उंची ९ फूट, म्हणजे साधारण ३० हजार लिटर हवा. तीन किलो ड्राय आइस त्या बंद खोलीत पूर्ण उडाला तर १६०० लिटर वायू, म्हणजे ५ टक्क्यांच्या वर. ४ टक्क्यांनाच तो जिवाला तातडीचा धोका मानला जातो. डोकं दुखणं, धाप लागणं, मग चक्कर. आणि हा वायू हवेपेक्षा दीडपट जड, तो खाली साचतो, म्हणजे सगळ्यात आधी त्रास कोणाला, तर जमिनीवर खेळणाऱ्या पोराला किंवा कोपऱ्यात झोपलेल्या कुत्र्याला. म्हणून हे काम गच्चीवर, नाहीतर दोन्ही बाजूंनी उघड्या गॅलरीत, नाहीतर शटर वर असलेल्या गाळ्यात. पंखा लावा. एसीच्या खोलीत, बाथरूममधे, पोटमाळ्यावर अजिबात नाही.

आणतानाही तेच. बंद गाडीत काचा वर करून एसी लावून ड्राय आइस आणू नका, मागच्या काचा खाली ठेवा. खरं सांगायचं तर रिक्षा सगळ्यात बरी, दोन्ही बाजू उघड्या. लोकलमधे नेऊ नका. सोसायटीच्या लिफ्टमधे खोका घेऊन लोकांबरोबर उभं राहू नका, जिन्याने चढवा. आणि खोक्याला कधीही घट्ट टेप मारू नका, बाटलीत किंवा झाकण फिरवायच्या डब्यात तर मुळीच भरू नका, वायूला वाट मिळाली नाही की ते फुटतं.

सामान

ड्राय आइस मुंबईत लग्नातल्या एन्ट्रीच्या धुरासाठी, आइस्क्रीमच्या डिलिव्हरीसाठी, औषधांच्या पार्सलसाठी रोज विकला जातो, त्यामुळे पुरवठादार मिळतात. गोळ्यांच्या आकाराचा घ्या, लादी घेतली तर फोडत बसावं लागतं. त्याच दिवशी आणि शक्य तितका उशिरा उचला, थर्माकोलच्या खोक्यातही तो दिवसाला दोन ते चार किलो आपोआप उडून जातो. मला एकदा एकाने आदल्या दिवसाचा माल दिला होता, चार किलोचे पैसे घेतले, घरी येऊन वजन केलं तर जेमतेम अडीच. तेव्हापासून दुकानातच काट्यावर ठेवायला सांगतो.

नुसत्या ड्राय आइसवर पातं ठेवलं तर गोळ्यांच्या मधे हवा राहते आणि थंडी एकसारखी लागत नाही, म्हणून तो आयसोप्रोपिल अल्कोहोलमधे टाकून गारेगार पातळ मिश्रण करायचं. अल्कोहोल ९९ टक्क्यांचं हवं. मेडिकलमधे मिळतं ते ७० टक्क्यांचं आणू नका, त्यातलं पाणी गोठायला लागतं आणि सगळं गिचका होऊन बसतं. रॉकेलही नको, ते आधीच घट्ट होतं. काही जण अॅसिटोन वापरतात, चालतो, पण तो थर्माकोल विरघळवतो, एक थेंब सांडला तरी खोक्याला भोक. दोन्ही पेट घेणारे आहेत, त्यामुळे आसपास गॅस, सिगरेट, भट्टी, ग्राइंडरच्या ठिणग्या काही नको. गाळ्यात करणार असाल तर हा कोपरा भट्टीपासून लांब आणि अल्कोहोलची वाफ वाऱ्याने भट्टीकडे जाणार नाही अशा बाजूला ठरवून ठेवा.

भांडं स्टेनलेसचं, उंच आणि अरुंद, पात्याच्या लांबीपेक्षा चार बोटं जास्त. मी जाड स्टीलचा उभा डबा वापरतो आणि तो मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यात उभा करतो, ससून डॉकला किंवा कुठल्याही मोठ्या मच्छी मार्केटला असली खोकी मिळतात, धुवून उन्हात ठेवायची, बाजूने जुने टॉवेल कोंबायचे. पातं बुडेल एवढंच अल्कोहोल भरायचं आणि वरची जागा मोकळी ठेवायची, कारण मिश्रण खूप उसळतं.

दोन लिटर अल्कोहोल ३० वरून उणे ७५ ला न्यायला हिशोबाने पाऊण किलो ड्राय आइस लागतो, पण डबा थंड करणं, तासभर टिकवणं, वाटेत उडालेला, हे सगळं धरून तीन किलो घ्या. मोजायला के टाइप थर्मोकपल. इन्फ्रारेड गन इथे उपयोगाची नाही, बऱ्याच गन उणे ५० च्या खाली वाचतच नाहीत आणि चकचकीत स्टीलवर काहीही आकडा दाखवतात. हातात सैल चामड्याचे कोरडे ग्लोव्हज, चटकन झटकून काढता यायला हवेत. डोळ्यांना गॉगल, पायात बंद बूट.

प्रत्यक्ष काम

पात्याची तयारी भट्टीच्या आधीच करायची. धारेची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. मुठीच्या टोकाची भोकं आधीच पाडून घ्या. जिथे पातं मुठीला मिळतं तिथला कोपरा काटकोनात सोडू नका, गोल करा, आणि ग्राइंडरचे आडवे ओरखडे १२० च्या पॉलिश पेपरने पात्याच्या लांबीच्या दिशेने काढून टाका. थंडीत तडा जातो तो बहुतेक वेळा असल्या कोपऱ्यातून किंवा ओरखड्यातून.

डी२ ला १०१० डिग्री लागते, पातळ पात्याला त्या तापमानावर अर्धा तास. हे कोळशाच्या भट्टीत अंदाजाने होत नाही, कंट्रोलरवाली मफल फर्नेस, म्हणजे बंद कप्प्याची भट्टीच हवी आणि पातं स्टेनलेस फॉइलच्या पाकिटात, नाहीतर वरचा कार्बन जळून जातो. तापमान अंदाजे वाढवून "जरा जास्त कडक होईल" असं करू नका, जास्त तापवलं की उलट जास्त ऑस्टेनाइट शिल्लक राहतं. बाहेर काढून पाकिटासकट दोन जाड अॅल्युमिनियमच्या प्लेटमधे दाबून धरायचं, सुरीसारखं पातळ पातं तेवढ्याने कडक होतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पातं हाताला कोमट लागलं की घड्याळ सुरू झालं असं समजा. उरलेलं ऑस्टेनाइट खोलीच्या तापमानाला पडून राहिलं की स्थिर होत जातं आणि नंतर कितीही थंडी दिली तरी हट्टाने बदलत नाही. टेम्पर, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला पातं परत हलकं तापवणं, ते आधी करून मग क्रायो केलं तरी तेच. मी पहिल्यांदा साकीनाक्याला मामाच्या गाळ्यात पाणी दिलं, पातं कागदात गुंडाळून भांडुपला घरी आणलं, रात्री दमून झोपलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवर ड्राय आइस केला. वर जाऊन सगळं नीट केलं, तासभर उणे ७६. टूल रूममधे रॉकवेल या कडकपणा मोजायच्या मशीनवर तपासलं तर थंडी न दिलेल्या तुकड्याइतकंच, ५९ आणि काही. मामाला सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, डोशाचा तवा तापवून ठेवलास आणि पीठ उद्या घातलंस. पुढच्या वेळी बर्फ इथे घेऊन ये, पातं घरी नेऊ नकोस." तसंच केलं. एकाच पट्टीचे दोन तुकडे, दोघांना एकत्र पाणी दिलं, एकाला वीस मिनिटांच्या आत थंडी, दुसऱ्याला नाही. टेम्परनंतर ६१ आणि साडे ५९. फरक दीड पॉइंटचा, आणि डी२ मधे एक ते दोन पॉइंटच अपेक्षित धरावेत. त्यापेक्षा जास्त सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

तर ड्राय आइस हाताशी असल्याशिवाय भट्टी पेटवायचीच नाही. पातं अजून कोमट असताना वाकलेलं असेल तर सरळ करून घ्या, नंतर टेम्पर होईपर्यंत ते काचेसारखं असतं. पुसा, मुठीच्या भोकातून तार ओवा, आणि डब्यातल्या साध्या, अजून थंड न केलेल्या अल्कोहोलमधे लटकवा, तळाला किंवा भिंतीला टेकू देऊ नका. आता गोळ्या टाकायला घ्या, एकावेळी चमचाभर. पहिल्या चमच्याला मिश्रण एकदम उसळतं, पांढरा धूर डब्याच्या काठावरून खाली सांडतो आणि टेबलावरून पायाशी उतरतो, तो धूर उतरताना बघितला की वायू जड असतो म्हणजे काय ते कळतं. चिमटा चुकून गोळीवर टेकला तर किर्रर्र असा कर्कश आवाज येतो, घाबरू नका, गरम धातू ड्राय आइसला लागला की तसंच होतं. घाई न करता वीस ते तीस मिनिटं घ्या. पातं आणि अल्कोहोल एकत्र थंड होत गेलं की धक्का बसत नाही, आधी उणे ७८ चं मिश्रण करून त्यात पातं बुडवण्यापेक्षा मला हीच पद्धत आवडते.

उणे ५० च्या खाली उसळणं कमी होत जातं, अल्कोहोल साखरेच्या पाकासारखं जड दिसायला लागतं, आणि शेवटी टाकलेली गोळी नुसती शांत बुडबुडे सोडत तळाशी बसून राहते. थर्मोकपल उणे ७५ च्या खाली स्थिर झाला की तिथून एक तास. पातळ पात्याला एवढा वेळही खरं तर भरपूर आहे, पण एक तास धरला की मनात शंका राहत नाही. गोळ्या संपत आल्या की भर घाला, तळाला नेहमी थोड्या दिसायला हव्यात. वरून थर्माकोलचं झाकण नुसतं ठेवा, दाबू नका.

काढताना तारेने उचला, उघड्या बोटाने धरू नका, कातडी चिकटते. लाकडी फळीवर ठेवून द्या आणि आपलं आपण गरम होऊ द्या. गरम पाणी, हेअर ड्रायर, गॅस, काही नाही. मुंबईची हवा कशी आहे माहितीये, जूनमधे तर मिनिटभरात पात्यावर मिठागरासारखा पांढरा थर चढतो, मग तो वितळून पाणी ठिबकायला लागतं. तेच पाणी पात्याला गंज धरतं, डी२ ला लोक अर्धं स्टेनलेस म्हणतात म्हणून गाफील राहू नका. कोरडं पुसा, साध्या अल्कोहोलने एकदा पुसा, परत कोरडं करा, आणि अल्कोहोलचा वास पूर्ण गेल्याशिवाय ओव्हनच्या जवळ नेऊ नका.

टेम्पर आजच, उद्या नाही

थंडीत जे नवीन मार्टेन्साइट तयार झालं ते अजून कच्चं आणि ठिसूळ आहे. टेबलावरून फरशीवर पडलं तर दोन तुकडे. म्हणून खोलीच्या तापमानाला आलं की लगेच टेम्पर, २०० डिग्रीला दोन तास, बाहेर काढून पूर्ण थंड, परत २०० ला दोन तास. घरचा ओटीजी चालतो, पण त्याच्या नॉबवर विश्वास ठेवू नका, आतलं तापमान वीस-वीस डिग्री वर-खाली नाचतं. ट्रेमधे दोन इंच बारीक वाळू भरा, तासभर आधी ओव्हन चालू करा, थर्मोकपलचं टोक वाळूत खुपसून २०० दिसल्यावरच पातं वाळूत पुरा. वाळू तापमान धरून ठेवते.

ज्यांच्याकडे फर्नेस नाही आणि जे बाहेरून हीट ट्रीटमेंट करून घेतात त्यांनी एक गोष्ट विचारून घ्या, टेम्पर किती डिग्रीला करणार. डी२ ला ५०० च्या वर टेम्पर केलं तर उरलेलं ऑस्टेनाइट त्या उष्णतेतच मोडतं, मग थंडीचा वेगळा फायदा फारसा राहत नाही, त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. आणि "पाणी देऊन द्या, क्रायो मी घरी करतो" हा सौदा तर नकोच, पातं तुमच्या हातात येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

उरलेल्या गोळ्या मोकळ्या हवेत, पोरांच्या हाताबाहेर उडू द्या. सिंकमधे, गटारात, संडासात टाकू नका, पाइप आणि सिरॅमिक तडकतं. अल्कोहोल परत वापरता येतं, पण रात्रभर सैल झाकून पूर्ण गरम होऊ द्या, आत विरघळलेला वायू निघून गेल्यावरच बाटलीत भरा. थंड असतानाच बूच लावलंत तर ते उडेल. पावसाळ्यात दोन-तीन वेळा वापरलं की हवेतलं पाणी ओढून पातळ होतं, मग बदला.

शेवटी धार लावताना फरक बोटाला कळतो. डी२ ला साधा दगड पुरत नाही, डायमंडची प्लेट घ्या. थंडी न दिलेल्या तुकड्यावर धारेची बारीक कड, जिला आपण बर म्हणतो, ती या बाजूची त्या बाजूला नुसती लोळत राहायची, तुटायचीच नाही. दुसऱ्यावर चार हलके हात आणि कड साफ गेली. त्या दोन तुकड्यांच्या दोन सुऱ्या केल्या, सारखीच मूठ, सारखाच कोन, आणि कुठली कुठली ते आईला न सांगता दोन्ही ओट्यावर ठेवल्या. तिला एवढंच सांगितलं की सुरमईचं डोकं आणि नारळ यावर चालवू नकोस, ६१ ची धार हाडावर चिरफळते, त्याला कोयता आहे. पंधरा दिवसांनी बघितलं तर एक सुरी ड्रॉवरमधे पडून होती आणि दुसरी टोमॅटोच्या पाटावर, तिची मूठ हळदीने पिवळी झाली होती. मूठ उलटून खालची खूण बघितली, ती थंडीवाली होती.